तिकडून आलेला नारळ

नवरा बोटीवर असला की मला सुट्टी नको वाटायची. एकटीने सुट्टी घेऊन करायचं काय, भिंतीशी गप्पा? पण त्या ऑगस्टमध्ये लंडनच्या इल्फर्डमधल्या माझ्या मित्रमंडळींनी मला जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं आणि इंग्लंडच्या पार टोकाला, कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी नेलं. मंडळी म्हणजे तिघंच. एक माझ्या ऑफिसातला नागपूरकर, देवाधर्माच्या नावाने नाक मुरडणारा. दुसरी त्याची बायको, जी प्रवासाला निघताना आधी प्रेशर कुकर भरायची आणि उरलेल्या जागेत कपडे. आणि तिसरी आमच्याच ऑफिसातली एक मुलगी, इल्फर्डमध्ये जन्मलेली. तिला सर्फिंगचं वेड होतं, म्हणून गाव तिने निवडलं. मराठी मात्र ती आम्हा सगळ्यांत जास्त हौसेने बोलायची आणि जास्त चुकवायची.

गाव उतारावर होतं. कुठल्याही गल्लीतून चालत सुटलं की शेवटी समुद्रच यायचा. भाड्याच्या आमच्या कॉटेजची खिडकी उघडी राहिली तर सकाळी उशीवर वाळू सापडायची. आम्ही काहीच करत नव्हतो. दहा वाजता उठायचं, पोहे खायचे, खाली जाऊन वाळूत पडायचं. काळे रबरी सूट घातलेली माणसं फळ्या घेऊन पाण्यात शिरायची आणि तिथे लाटेची वाट बघत नुसती तरंगत बसायची. बघता बघता माझा डोळा लागायचा. जाग आली की तीच माणसं, तीच लाट, फक्त ऊन माझ्या पायांवरून पोटावर सरकलेलं. अर्धवट झोपेत कधी वाटायचं, हे पुणं नाही, लंडन नाही, कुठलंच गाव नाही, आणि मी कुणाची वाट बघत नाहीये.

पण वाट तर मी बघतच होते. माझा नवरा तेव्हा मालवाहू बोटीवर होता, आणि ती बोट कॅरिबियन समुद्रात होती. तिकडे वादळ घोंघावत होतं. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. वादळ येतंय म्हणून बंदर सोडून बोट बाहेर, खोल समुद्रात नेणार आहेत, काही दिवस फोन होणार नाही, काळजी करू नको, असं म्हणाला. काळजी करू नको म्हटलं की माणूस दुसरं काय करतो? टीव्हीवरच्या नकाशात तो पांढरा भोवरा दिसला की मी चॅनेल बदलायची. कॉटेजमध्ये मोबाइलला सिग्नल नव्हता. फक्त मागच्या अंगणातल्या भिंतीच्या एका कोपऱ्यावर यायचा. तिथे नागपूरकराच्या बायकोने एका काचेच्या वाडग्यात माझा फोन ठेवला होता, आणि येता जाता सगळेच त्या वाडग्यात डोकावायचे.

त्यात नारळी पौर्णिमा आली. माझं सासर रेवदंड्याचं. सासरे बोटीवर होते तेव्हापासून सासूबाई दर वर्षी समुद्राला नारळ द्यायच्या. त्या वर्षी त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नणंदेकडे होत्या. मी निघायच्या आधीच त्यांनी फोनवर बजावलं होतं, "या वर्षी तू सोड ग. तिकडचा समुद्र असला म्हणून काय झालं? पाणी सगळं एकच."

मी पुण्याची. समुद्राशी माझा संबंध भेळेपुरता. असलं काही मी मानत नव्हते, पण त्या दिवसांत नाही म्हणायची हिंमत झाली नाही. इल्फर्डच्या दुकानातून शेंडीवाला नारळ घेतला. सासूबाई सोनेरी कागद लावायच्या, माझ्याकडे जुन्या साडीच्या काठाची जर होती. तिचा दोरा काढून शेंडीला गुंडाळला, हळदकुंकू लावलं.

चारच्या सुमाराला आम्ही खाली गेलो. मी हात जोडले, मनात त्याचं नाव घेतलं आणि नारळ पाण्यात सोडला. दोन लाटांनंतर तो माझ्या पायाशी परत. पुन्हा सोडला, जरा जोरात. आता एक लांब केसांचा सर्फर तो बगलेत मारून बाहेर आला आणि अदबीने म्हणाला, "युवर्स, लव्ह?" रेवदंड्याच्या पाचसहा वर्षांच्या पोरानेही सांगितलं असतं की भरती चढत असताना नारळ आत जाणार नाही, ओहोटी लागू द्यायची. आमच्या चौघांच्या डिग्र्या एकत्र केल्या तरी त्यात ही माहिती नव्हती. मी हसले खरी, पण समुद्राने घेतला नाही, एवढंच मला कळत होतं.

शेवटी इल्फर्डची मुलगी म्हणाली, "दे मला. मी लाटेच्या पाठी जाते." ती फळीवर पालथी झोपली, नारळ हनुवटीखाली धरला आणि हातांनी पाणी मारत लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे गेली. तिथून तिने हात हलवून खूण केली. हुश्श म्हणून मी वाळूत बसले आणि सूर्य पाण्यात जाईपर्यंत उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर तिघं टेबलाभोवती उभे. इतक्या सकाळी ही मंडळी उठलेली मी पाहिलीच नव्हती. नागपूरकराची पँट गुडघ्यापर्यंत ओली. टेबलावर एक नारळ.

"बीचवर सापडला," नागपूरकर म्हणाला. "कॅफेवाली बाई सांगून राहिली होती, इकडे कॅरिबियनमधून काय काय वाहून येते म्हणून. करंटच तसा आहे न."

"हो, ही नारळ कॅरिबियनची आहे," इल्फर्डच्या मुलीने घाईघाईने भर घातली. "तिथूनच आली."

"भावजींकडून आला म्हण ना," नागपूरकराची बायको म्हणाली आणि चहाकडे वळली.

मी नारळ हातात घेतला. शेंडी तीच. जरीचा दोरा नव्हता, पण शेंडीच्या मुळाशी हळद अजून पिवळी होती. तीनदा दिला आणि तीनदा परत केला. म्हणजे नक्कीच काहीतरी झालं तिकडे. आता रडू फुटणार, एवढ्यात माझी नजर नागपूरकराच्या हातांकडे गेली. बोटं थंडीने पांढरी पडली होती आणि एका नखाखाली सोनेरी जरीचं तूस अडकलं होतं. पत्रिका, शकुनबिकुन सगळं थोतांड आहे म्हणून माझ्याशी भांडणारा हा माणूस. त्या गार पाण्यात उभा राहून त्याने शेंडीत गुंतलेला दोरा धागा धागा करून उपसून काढला होता, नारळ माझाच आहे हे मला कळू नये म्हणून. तिघंही माझ्याकडे परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे बघत होते.

"तिकडचाच दिसतोय," मी म्हणाले.

नागपूरकराने इतक्या जोरात श्वास सोडला की त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. मग मीच म्हणाले, फोडा, नारळीभात करू. खवणी अर्थात कुकरच्या पोटात होतीच. गूळ नव्हता, ब्राउन शुगर घातली. लवंगा आणि तुपाचा वास कॉटेजभर झाला. ताटं घेऊन आम्ही मागच्या अंगणात बसलो, वाडग्याजवळ. ऊन कोवळं होतं, खालून समुद्राची गाज येत होती, आणि भीती होती तशीच होती. फक्त आता ती चौघांत वाटली गेली होती.

भात निम्मा संपला आणि वाडग्यात फोन थरथरला. काचेवर त्याचा एवढा आवाज झाला की इल्फर्डच्या मुलीच्या हातातला चमचा पडला.

"मी बोलतोय," नवरा म्हणाला. आवाज तुटत होता. "वादळ बाजूने गेलं. ठीक आहे सगळं. तू काय करतेयस?"

"जेवतेय," मी म्हणाले.

"आईने विचारलं तर काय सांगू? नारळ सोडलास ना? घेतला समुद्राने?"

समोर तिघं माना खाली घालून, आपण काही ऐकतच नाही अशा थाटात भात चिवडत होते.

"घेतला," मी म्हणाले. "आणि तुझ्याकडचा एक आला इकडे. तोच खातोय."

नागपूरकराने मान वर न करता माझ्या ताटात आणखी भात वाढला.