एक पौंड झाकणं

आमच्या खोऱ्यात फोनला रेंज एकाच जागी येते, वर टेकडीवर, माझ्या आजोबांच्या थडग्यापाशी. म्हातारा जिवंतपणी कुणाशी दोन शब्द धड बोलला नाही, आणि आता त्याच्या उशाशी बसून अख्खं खोरं बडबडतं. ट्रेसीची गोष्ट तिथूनच सुरू करावी लागते, कारण करोनाच्या वर्षी दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती तिथं बसून आपल्या लेकरांना बघायची, फोनच्या चार बोटांच्या काचेत.

ट्रेसी माझ्या कुंपणापलीकडची. तेव्हा एकोणतीस वर्षांची. कोळशाची खाण बंद पडल्यावर तिचा नवरा ओहायो राज्यात काम शोधायला गेला, तो अजून शोधतोच आहे. जूनी आठ वर्षांची, एमेट पाचचा. त्या जानेवारीत बिल थकलं म्हणून हिची वीज तोडली. हिनं रॉकेलची शेगडी पेटवली आणि गारठा आत येऊ नये म्हणून खिडक्या चिंध्यांनी बुजवल्या. धुरानं एमेट बेशुद्ध पडला. दवाखान्यातून पोरगा बरा होऊन निघाला, पण घरी आला नाही. बालकल्याण खात्यानं दोघा भावंडांना तालुक्याला डेल्फा नावाच्या बाईकडे ठेवलं. बाई मायाळू होती, खोटं कशाला बोलू.

कोर्टानं ट्रेसीला चार गोष्टी सांगितल्या: वीज, काम, दोन मुलांना दोन पलंग, आणि घरात हिवाळाभर पुरेल इतकं अन्न. ऑक्टोबरात तपासणी, मग निकाल.

तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं. तीन आठवडे झाले आणि शाळाच बंद! मग एप्रिलपासून शाळेनं मुलांचे जेवणाचे डबे बसमधून घरोघर पाठवायला घेतले, तेव्हा तिला परत बोलावलं. त्यातून वीज आली. पलंग मी केले, ट्युलिप पॉप्लर झाडाच्या फळ्यांचे. एकाचा पाय आखूड झाला, त्याखाली माझं शाळेतलं अंकगणिताचं पुस्तक घातलं. सहा वर्षं त्या पुस्तकानं मला छळलं, शेवटी उपयोगी पडलं.

राहिलं अन्न. जूनमध्ये खात्यातल्या मिस हॅवर्लीनं फोनवरून घराचं चित्रण मागवलं. फ्रिजमध्ये ताक आणि दोन अंडी. शेरा आला, "घरात पुरेसं अन्न नाही." आता आमच्याकडे फ्रिजात कोण साठवण करतं? डोंगराच्या पोटात खोली खणलेली असते, तिथं काचेच्या बरण्या भरून ठेवायच्या. पण खरं सांगायचं तर ट्रेसीची ती खोलीही रिकामीच होती.

तिनं परसात घेवडा, टोमॅटो, बीट लावलं. जुलैत घेवडा असा लगडला की वेल दिसेना. आणि झाकणं मिळेनात! बरणी जुनी चालते, पण झाकण एकदाच घट्ट बसतं. त्या वर्षी घरात कोंडलेला सगळा देश बरण्या भरायला बसला होता. तीन तालुक्यांतल्या दुकानांत झाकण औषधाला नव्हतं.

"मोझेलकडे दोन डझन आहेत, घेऊन जा," मी म्हणालो. मोझेल म्हणजे माझी बायको.

"नको, पॅपॉ." खोरंभर मला पॅपॉच, म्हणजे आजोबाच, म्हणतात. "मागून आणलेल्या झाकणांवर बरण्या भरल्या तर लोक म्हणतील, हिला पोरं पोसता येत नाहीत."

"म्हणू देत की लोकांना."

"लोकांचं नाही हो. ते मलाच खरं वाटायला लागलंय."

पण आमच्याकडे एक रीत आहे. नवं जोडपं आलं, नवा पाद्री आला किंवा कुणाचं घर जळलं, की प्रत्येक घरानं त्या दारात कशाचा तरी एक पौंड ठेवायचा. साखर, मीठ, लोणी, खिळे, काहीही. त्याला कुणी दान म्हणत नाही, आणि नको म्हटलं तर शेजार तुटला म्हणून समजा.

"मग लग्न कर," मी म्हणालो.

"कुणाशी? तुमच्याशी?"

"मोझेलला विचारून सांगतो. नाहीतर पाद्री हो."

कित्येक महिन्यांनी पोरगी खळखळून हसली, आणि घेवडा तसाच वेलावर ठेवून घरात गेली.

आठवड्यानं सकाळी तिच्या खिडकीतून धूर! मी पळालो, म्हणजे माझ्या वयाला जसं पळता येतं तसं. बघतो तर चुलीवर विसरलेलं फडकं पेटलं होतं, पडद्याचं टोक गेलं होतं, भिंतीवर तळहाताएवढा काळा डाग. ट्रेसीनं बादली ओतून सगळं विझवलंही होतं. मी फाटकात उभा राहिलो आणि घसा फोडून ओरडलो, "ट्रेसीचं घर जळलं हो!"

"पॅपॉ, गप बसा! फडकं जळलंय नुसतं."

"घरातलंच ना?"

"अहो, कोर्टाला कळलं तर?"

"कोर्टाला तू फडक्याचं सांग. खोऱ्याला मी घराचं सांगतो."

अकरा घरं तोंडाला मास्क बांधून अंगणात लांबलांब उभी राहिली. व्हर्ली म्हातारीनं खिडकीतून डाग बघितला. ही व्हर्ली अशी चिक्कट की नवऱ्याच्या मयतीला आलेल्यांना अर्धं अर्धं बिस्किट वाढलं होतं. "याला जळणं म्हणतात? माझा रोजचा पाव याहून जास्त जळतो."

"रीत म्हणजे रीत, व्हर्ली," मोझेल म्हणाली. "आणि तिला काय लागतं ते सगळ्यांना माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी व्हर्ली पिशवी घेऊन आली आणि ओसरीवर ती आदळली. "डझनभर देणार होते. तराजूत टाकली तर पाव पौंडसुद्धा भरेना! पलंगाखालची सगळी काढली तेव्हा कुठं काटा हलला. घे बाई, लुटलंस मला."

पौंडाला पाच-साडेपाच डझन झाकणं लागतात, हे खोऱ्याला त्या दिवशी कळलं. कुणी दोन घरं मिळून पौंड भरला, कुणी झाकणं पुरली नाहीत म्हणून वर मीठ टाकून भरला. ट्रेसीनं एकालाही नको म्हटलं नाही. कसं म्हणणार? घर जळलं होतं ना!

मग दोन महिने तिची चूल विझली नाही. कामावरून यायची आणि बरण्या उकळायची. गरम बरणी निवत आली की झाकण आत ओढलं जातं आणि टक् असा आवाज होतो. मी कुंपणापलीकडे बसून ते टक् टक् ऐकायचो. त्यापुढे चर्चमधला बाजाही फिका.

ऑक्टोबरात मिस हॅवर्ली स्वतः आली. तरुण पोर, हातात कागद. पलंग हलवून बघितले, अंकगणित टिकलं. मग तिनं फ्रिज उघडला. ताक आणि दोन अंडी. तिचं पेन खाली आलं आणि ट्रेसीचा चेहरा पांढरा पडला.

मी दारातून म्हणालो, "बाई, फ्रिज काय बघता, डोंगर बघा!"

तेव्हा ट्रेसी पुढं होऊन तिला डोंगरातल्या खोलीपाशी घेऊन गेली आणि दार उघडलं. तीनशे बारा बरण्या, फळ्यांवर फळ्या भरून. हिरवा घेवडा, लाल टोमॅटो, जांभळं बीट. मिस हॅवर्ली मोजायला लागली, चुकली, पुन्हा मोजायला लागली.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"मी केलं," ट्रेसी म्हणाली. "झाकणं खोऱ्याची, बाकी सगळं माझं."

आठवड्यानं फोनवर सुनावणी झाली. अर्थात टेकडीवरच. थडग्यांमध्ये लांबलांब अख्खं खोरं उभं.

न्यायाधीशांनी विचारलं, "आपण कुठून बोलताय?"

"थडग्यांपाशी आहे, साहेब."

"अरेरे, कोण गेलं?"

"कुणी नाही, साहेब. रेंज इथंच येते."

मग मिस हॅवर्लीचा आवाज आला. न्यायाधीशांनी तिला विचारलं, घरात अन्न पुरेसं आहे का. ती म्हणाली, "माझ्या घरात आहे त्याहून कितीतरी जास्त."

कागद चाळल्याचा आवाज. मग, "शुक्रवारी मुलांना आईकडे पोचवा."

"काय म्हणाला?" कानानं मंद व्हर्ली ओरडली.

"शुक्रवारी!" सगळं खोरं ओरडलं. व्हर्लीनं काठी हवेत भिरकावली, ती माझ्या आजोबांच्या दगडावर वाजली. म्हातारा काही बोलला नाही.

शुक्रवारी गाडीतून उतरल्या उतरल्या जूनीनं आईला मिठी मारली आणि विचारलं, "तू बसायचीस तो दगड कुठाय?" आधी तो दाखवल्याशिवाय पोरगी घरात यायला तयार नाही. तिघंही टेकडी चढले. तिथून जूनीनं डेल्फाबाईला फोन लावला, "आम्ही पोचलो. एमेटनं गाडीत ओकलं नाही."

खाली आल्यावर एमेट डोंगरातल्या खोलीत शिरला, दोन्ही हातांनी घेवड्याची बरणी छातीशी धरून आला आणि म्हणाला, "ही उघड." ट्रेसीनं झाकण उचकटलं. मक्याचा पाव मोझेलनं आणला होता. आम्ही सगळे अंगणात लांबलांब बसून जेवलो, आणि ते वाकडं झालेलं झाकण एमेटनं जेवण होईपर्यंत मुठीतून सोडलं नाही.