ताईचं झायलीन

प्रयोगात चांगला आकडा आला की ताई तो वहीत टिपायची. आम्ही बाकीचे चहा मागवायचो. ती तोच प्रयोग पुन्हा लावायला उठायची. म्हणायची, "एकदा जमलं त्याला नशीब म्हणतात."

ताई धाकट्या डहाणू गावची, मासे विकणाऱ्या घरातली. मी तिथल्याच जवळच्या गंजाडचा. शहरातल्या एकाच प्रयोगशाळेत आम्ही पीएचडी करत होतो. ती मला दोन वर्षं पुढे. तिचा विषय झिओलाइट, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची पांढरी भुकटी. त्या भुकटीवरून टोल्युइन या रसायनाची तापलेली वाफ सोडली की झायलीन हे दुसरं रसायन तयार होतं. त्याच्या तीन प्रकारांत पॅरा सगळ्यात सडपातळ, छिद्रांतून सहज निसटणारा, आणि पॉलिएस्टरसाठी सगळ्यात हवासा. भुकटीत निकेल बसवलं तर छिद्रं आणखी अरुंद होऊन पॅराचं प्रमाण वाढेल, असा तिचा अंदाज होता.

आणि ते वाढलं. आमचे मार्गदर्शक सर इतके खूश झाले की एका मोठ्या परिषदेत तिचं भाषणच ठरवून आले. ताईनं मात्र नवी भुकटी बनवली आणि प्रयोग दिवसभर चालू ठेवला. संध्याकाळपर्यंत झायलीन बनणंच थंडावलं. निकेल जास्त झालं होतं. त्यानं आणि साचलेल्या कार्बननं छिद्रांची तोंडं बुजली होती.

"पहिले काही तास तर खरे आहेत ना? तेवढेच दाखव," मी म्हणालो.

"आणि त्यावर विसंबून कोणी कारखाना चालवायला घेतला तर?"

परिषदेत ती उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली, "सारांशात छापलेला माझा निष्कर्ष चुकीचा आहे. का चुकला, ते सांगते." सरांचा चेहरा उतरला. पण मग प्रश्न सुरू झाले, ते जेवणाची वेळ टळली तरी थांबेनात. त्या चर्चेतूनच तिला वाट सापडली: निकेल अगदी थोडं, आणि वाफेसोबत हायड्रोजन. कार्बन साचेना, भुकटी टिकू लागली. पॅराचा तो पहिला मोठा आकडा मात्र परत आला नाही. प्रबंधात तिनं तेही लिहिलं.

तोंडी परीक्षेला तिची आई पहिल्या रांगेत बसली होती. निकाल सांगून झाल्यावर परीक्षकांनी कौतुकानं विचारलं, "मुलीनं काय केलंय, कळलं का?"

"तिचं काम तिला ठाव. पण जे गावलं नाय, ते गावलं असं बोलली नाय ना?"

"नाही."

"मग झालं."

ताई तलासरीच्या कॉलेजात शिकवायला गेली, मी गुजरातेत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आलो. इथे कोणी विचारतं, "तुम्ही शिकलात कोणाकडे?" रीतीप्रमाणे मी सरांचं नाव सांगतो. मग जरा ताठ होऊन ताईचं.