जास्वंदीच्या आळ्यातली पिशवी

जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीच्या बागेत सकाळी साठीचे एक गृहस्थ येतात. नाव मी कधी विचारलं नाही. इतरांसारखे ते फेऱ्या मारत नाहीत. जास्वंदीच्या आळ्यापाशी उकिडवे बसून खुरप्याने माती उकरतात, एक पिवळट पातळ तुकडा काढतात, चष्मा कपाळावर सरकवून तो उजेडात धरतात आणि पुन्हा पुरतात.

एकदा मी विचारलंच. म्हणाले, "डाळिंबाच्या सालीपासून केलेली पिशवी आहे. नोकरीभर प्रयोगशाळेत हेच केलं. तिथे विरघळते हो, इथल्या कोरड्या मातीत विरायला हवी." आधीच्या सगळ्या जशाच्या तशा निघाल्या, हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

परवा त्यांनी अख्खं आळं उकरलं. माती बोटांनी चाळली, पुन्हा चाळली. हाती काहीच लागलं नाही. ते तसेच बसून राहिले. डोळे भरून आले होते.

बाग झाडणाऱ्या मावशी खराटा टेकवून म्हणाल्या, "घावंना व्हय सर? लई दिस हुडकताय की. जाऊ द्या, मनाला लावून घेऊ नगा."

"नाही घेत, मावशी," ते म्हणाले, आणि त्या आळ्यातली मूठभर माती रुमालात बांधून घरी गेले.