पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

इंग्रिडमामींचा फोन आला तेव्हा मी रेगेन्सबर्गला, नोकरीच्या कारखान्यात, कॅन्टीनमध्ये हातात ताट घेऊन रांगेत उभी होते. मामा जिन्यात बसले आणि उठलेच नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "आज कोणाचा उमत्सुग होता?" सांगायला लाज वाटते, पण खरंच तसंच विचारलं. उमत्सुग म्हणजे घर बदलणं. मामांच्या चर्चमधल्या कोणा ना कोणाचं दर शनिवारी घर बदलायचं असे आणि मामा तिथे जाऊन दुसऱ्यांची कपाटं उचलत. त्या आठवड्यात डॉक्टरांना छाती दाखवायची होती, ती वेळ त्यांनी पुढे ढकलली होती. का, तर एका विधवा बाईंचं वॉशिंग मशीन तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचं होतं. आज सहा आठवडे झाले. मला अजूनही रडू येण्याआधी राग येतो. बासष्टाव्या वर्षी माणसानं लोकांची वॉशिंग मशिनं उतरवायची असतात का?

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. कराडजवळच्या आमच्या गावातून फिटरचं काम शिकून ते तरुणपणीच जर्मनीला आले, इंग्रिडमामींशी लग्न केलं आणि मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेले. गावी हे कळल्यावर त्यांच्या वडिलांनी एकच पत्र पाठवलं, पुन्हा पत्र पाठवू नकोस म्हणून. आई तेवढी दरवर्षी राखी पाठवत राहिली. मला जर्मनीत गार्चिंगला शिकायला प्रवेश मिळाला तेव्हा त्या राखीच्या जोरावर राहायला त्यांच्या घरातली वरची खोली मिळाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. परदेशात कसं राहायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. आई म्हणाली, "मामा आहे, काळजी नाही." मामांच्या घरी चहा नसतो, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

चहा नाही. कॉफीही नाही. त्यांच्या धर्मात दोन्ही वर्ज्य. पहिल्या सकाळी मामींनी माझ्यापुढे गरम पाण्यात विरघळवलेली भाजलेल्या बार्लीची पूड ठेवली आणि उत्सुकतेनं माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, साबुदाणा वगैरे काही नाही, पाणीसुद्धा नाही. मला कोणी सक्ती केली नव्हती, पण घरातली दोन माणसं उपाशी असताना आपण एकट्यानं कसं जेवायचं? सोमवारी संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसायचं, एक गाणं, एक प्रार्थना, एक खेळ. परीक्षा असो नसो. मंगळवारी पांढऱ्या शर्टातले दोन अमेरिकन प्रचारक जेवायला येत आणि मामा त्यांना पिठलं वाढून म्हणत, "खा, खा, लाजू नका." तळघरात वर्षभर पुरतील एवढ्या गव्हाच्या बादल्या रचून ठेवलेल्या. "मामा, समोर सुपरमार्केट आहे," मी एकदा म्हटलं. "तुझ्या आजोबांच्या घरी कणगी होती की नव्हती?" "होती, पण तिथे सुपरमार्केट नव्हतं." "गेनाऊ, अगदी बरोबर," मामा म्हणाले. "आणि कणगी भरलेली असली की झोप चांगली लागायची." मामींनी तर मामांना 'अहो' म्हणायचं शिकून घेतलं होतं, आणि ते त्यांचं लाडाचं नाव आहे असं त्यांना कित्येक वर्षं वाटत होतं. चर्चच्या भर सभेत त्या हाक मारत, "अहो, कोम माल!", जरा इकडे या म्हणून. सगळे मान वळवून पाहत आणि मी बाकाखाली जागा शोधत असे.

दुसऱ्याच महिन्यात मी एक छोटी विजेची किटली आणून कपाटात लपवली. खिडकी उघडून, दार लावून चहा करायचे. एकदा मामा जिन्यातून म्हणाले, "पोरी, आल्याचा वास येतोय काय गं?" "सूप आहे, मामा." "हां, हां. थंडीचं चांगलं असतं सूप." पुढे प्रत्येक शनिवारी बाजाराच्या पिशवीत आल्याचा एक तुकडा येऊ लागला. मामांच्या घरात आलं कशातच पडत नसे... तो तुकडा कोणासाठी येतो, हा विचार माझ्या मनात तेव्हा आला नाही. मी फक्त तो वर घेऊन जायचे.

पण सगळ्यात जास्त वैताग आणला तो मामांच्या वहीनं. निळ्या पुठ्ठ्याची, मोठ्या चौकटींची वही. त्यात सगळ्या पूर्वजांची नावं. त्यांची श्रद्धा अशी की कुटुंब मरणानंतरही जोडलेलं राहू शकतं. पण त्यासाठी गेलेल्यांची नावं त्यांच्या पंथाच्या मंदिरात न्यावी लागतात आणि गेलेल्यांच्या वतीनं कोणीतरी जिवंत माणूस पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतो. एकच चौकट रिकामी होती. मामांच्या आईचं माहेरचं नाव. मामा तीन वर्षांचे असताना ती गेली. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं होतं, पण लक्ष्मी होण्याआधी ती कोण होती, हे मामांना ठाऊक नव्हतं. विचारायलाही गावात कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. म्हणून मी विचारायचं होतं. आईला सांगायचं, आईनं मामांच्या आईच्या माहेरी जायचं. तिथे तिची धाकटी बहीण, तुळसामावशी, अजून होती.

मी टाळत राहिले. फोनच्या कार्डावर मिनिटं थोडी, त्यात आईचं "जेवतेस ना?" हेच संपायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते पटतच नव्हतं. मी एकदा चिडून विचारलंही, "मामा, जन्मभर तुळशीला पाणी घातलेली बाई ती. तिला विचारलं का कोणी, तुला हे हवंय का म्हणून?" मामा रागावले नाहीत. म्हणाले, "नको असलं तर ती नाही म्हणेल, पोरी. तिला तो हक्क आहे. आपण नुसतं दार वाजवायचं." मग म्हणाले, "पण कोणाच्या नावानं वाजवू?"

दर रविवारी तोच प्रश्न. "काही कळलं काय गं?" शेवटी एका उपासाच्या रविवारी पोटात कावळे ओरडत होते, दोन दिवसांवर परीक्षा, समोर न सुटणारी गणितं... आणि मामा दारात वही घेऊन उभे. मी मान वर न करता म्हटलं, "कृष्णा. आईनं सांगितलं. कृष्णाबाई होतं नाव." शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव होतं ते. मामांनी विचारलं, "नक्की?" "हो, मामा, गेनाऊ!" त्यांनी वही माझ्या टेबलावर टेकवली, माझ्याच हाताजवळचं काहीतरी उचलून नाव लिहिलं, आणि ते तसंच हातात घेऊन गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. मला वाटलं, सुटले.

अंत्यसंस्कारानंतर महिन्याभरानं माझ्या राहिलेल्या वस्तू न्यायला गेले तेव्हा मामींनी ती वही माझ्यापुढे ठेवली. वसंतात त्या मंदिरात जाणार होत्या. मामांच्या आईच्या वतीनं पाण्यात त्याच उतरणार होत्या. "एवढं एकच नाव पेन्सिलीनं आहे," त्या म्हणाल्या. "तो खात्री झाल्याशिवाय शाई वापरत नसे. तुला माहीत असेल. मी शाईनं लिहू का?"

पानभर निळी शाई, आणि मध्ये एका चौकटीत करड्या अक्षरात 'कृष्णा'. हो म्हणणं किती सोपं होतं. मामीही सुखावल्या असत्या. मग मी सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, क्रियापदं चुकवत. "हो," मामी म्हणाल्या. "त्याला माहीत होतं. तो म्हणाला, परीक्षा झाली की ती स्वतःच सांगेल."

परीक्षा होऊन दीड वर्ष झालं होतं.

मी तिथूनच आईला फोन लावला. जे काम मामा दोन वर्षं सांगत होते ते मी दोन मिनिटांत केलं. आई म्हणाली, "तुळसामावशी? अगं, ती गेली की दिवाळीच्या आधी. शेवटपर्यंत सगळं लख्ख आठवत होतं बघ तिला. आधी बोलली असतीस तर मी लगेच गेले नसते का?" ...तिच्यानंतर सांगणारं कोणी उरलेलं नाही.

मी खोडरबर घेऊन ते नाव पुसलं. पेन्सिल दाबून धरायची मामांची सवय, त्यामुळे कागदावर खाचा राहिल्या. मी पुन्हा पुन्हा माफी मागत होते. मामींनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चौकट रिकामी राहू दे. आता तो स्वतःच आईला विचारेल."

त्यांनी हे सांत्वन म्हणून म्हटलं नाही. अहो बाजारातून येताना दूध आणतील, अशा सुरात म्हटलं. मी त्यांच्या धर्माची नाही. मला काय वाटतं हे मलाच नीट सांगता येत नाही. पण तेव्हापासून एक चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही : मामा कुठल्याशा दाराशी उभे आहेत, वाजवावं की नाही या विचारात, आणि मी न केलेलं काम निमूटपणे स्वतः करताहेत. नेहमीसारखंच. जाऊनसुद्धा दुसऱ्यांचं ओझं उचलणं काही सुटलं नाही या माणसाचं.

वही मामींकडेच आहे. निघताना पाहिलं, त्यांनी त्या पानात खुणेसाठी पेन्सिल ठेवली होती. माझीच होती ती. टोक नुकतंच कोणीतरी तासून ठेवलेलं होतं.