जीपच्या टपावरून फेकलेला चेंडू
मोखाड्याच्या बाजारात जीपच्या टपावर भांड्यांचं गाठोडं बांधलेलं दिसलं की मला अजून तो लांबट चेंडू आठवतो. आमच्या आश्रमशाळेत सरांनी अमेरिकन फुटबॉल आणला, तेव्हा नाव फुटबॉल आणि खेळायचा हाताने, याचंच आम्हा मुलींना हसू आलं. पण माझ्या मैत्रिणीने पहिल्याच दिवशी तो खाचरापलीकडे भिरकावला आणि फेकणारीची जागा तिची झाली. भात झोडून झालं, दिवाळी सरली, आणि दरवर्षीसारखी तिच्या घरची माणसं तिलाही घेऊन वीटभट्टीवर कामाला निघाली. सरावासाठी घरी नेलेला चेंडू गाठोड्यातच राहिल्याचं तिला जीप सुटल्यावर आठवलं. तिने टपावरूनच तो फेकला; मी धुळीत धावत जाऊन छातीशी धरला. "माझी जागा राख गं, होळीला येतेच!" ती ओरडली. होळीला आमच्याकडे सगळेच परततात. जीप आली, तिची आई उतरली आणि मला पाहताच रस्त्यातच खाली बसली. "भट्टीवरच गेली गं, तापानं." आता जामसर गावच्या शाळेतल्या मुलींना मीच हा खेळ शिकवते. त्या म्हणतात, "ताई, एकदा तुम्ही फेका ना." मी म्हणते, तुम्ही फेका, मी धरते.