बाईजाच्या पोटात काय निघालं

टोकावड्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी राहणारी बाईजा मोठी हट्टी बाई. तिचा नवरा कोंडू पोटात पाणी होऊन गेला, त्याला चार वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा सुनिल वापीच्या कारखान्यात. घरात ती आणि गोठ्यात म्हैस. १९९९ च्या फेब्रुवारीत उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तेव्हा महिनाभर तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कुणाला, म्हशीला?

शेवटी सरकारी दवाखान्यातून पोटाची सोनोग्राफी लिहून मिळाली. तिनं एसटीडी बूथवरून सुनिलला कळवलं. तो म्हणाला, "रजा मिलत नाय गो आये. पन काय निघालाच, तर आठ दिस येऊन रहातो. शपत."

आठ दिवस! गेल्या दिवाळीलासुद्धा तो फिरकला नव्हता. बाईजाची मोठीच पंचाईत झाली. कोंडूसारखं मरण तिला नको होतं, पण ते आठ दिवस हवे होते.

मुरबाडला उपाशीपोटी जायचं, असं सांगितलं होतं. बाईजाला उपास ठाऊक तो हरतालिकेचा. तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही, वर एसटीतून उतरल्या उतरल्या लघवीला जाऊन आली. सोनोग्राफी सेंटरमधल्या देवकी आयाबाईनं कपाळावर हात मारला.

"अगो मावशी, जेवू नको म्हंटला होता, पानी नाय! लघवी भरल्याशिवाय पोटातला खालचा दिसत नाय. हा पान्याचा जग संपव आनि लघवी दाबून धर. संगती कोन हाय?"

"मीच," बाईजा म्हणाली.

बाकावर प्रत्येकीजवळ कुणी ना कुणी होतं. नवरा, नणंद, आई. बाईजा दीड तास एकटीच पाणी पीत बसली.

अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर गारेगार जेली लावली आणि मुठीएवढं यंत्र फिरवायला घेतलं. बाईजानं अंग चोरलं. "करंट लागल काय?"

"नाही हो आजी. यातून आवाज निघतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा. कड्यासमोर हाक मारली की परत येते ना? तसा हा आत आदळून परत येतो, आणि त्यावरून मशीन चित्र काढतं. श्वास घ्या. धरा. सोडा. आता कुशीवर वळा."

दुखत काहीच नव्हतं, बरगडीखाली जरा दाब तेवढा. पडद्यावर काळं-करडं काहीतरी हलत होतं, त्यातलं तिला ओ की ठो कळलं नाही. पण कितीतरी महिन्यांत तिच्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता. बाईंनी असंच सावकाश बघत राहावं, असं तिला वाटलं. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं.

"यकृत, पित्ताशय, मूत्रपिंडं, गर्भपिशवी, सगळं चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. वेळेवर जेवता ना?"

"एकलीसाठी काय दोनदा चूल पेटवायची?"

"पेटवायची."

बाईजा जागची हलेना. "बाय, नीट बघितला ना? येखादा बारका खडा?"

"अहो, नाही म्हणून आनंद माना!" बाई हसल्या आणि पुढच्या बाईला बोलावलं.

समोरच्याच बूथवरून तिनं वापीला फोन लावला.

"काय निघाला गो?" सुनिलचा आवाज कापत होता.

एक खोटा शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर आलाही. पण लेक इतका घाबरलेला ऐकून तिच्यानं बोलवेना.

"काय नाय निघाला."

"सुटलो बग! माजा तर जीव टांगनीला लागला होता. मंग आता दिवालीलाच येतो, निवांत. चालल ना?"

"हां."

"आये? रडतेस काय गो?"

"बरा वाटला, म्हनून," बाईजा म्हणाली. सुनिलला ते खरंच वाटलं.