गरम हवेची बाजू

चंद्रपूरच्या उन्हाळ्याला कंटाळून इन्व्हर्टर एसी घेतला. दुकानदाराने खोलीचं माप, उन्हाची भिंत, माणसं किती, सगळं विचारलं. म्हणाला, "हा बंद होत नाही, नुसता हळू होतो. आवाज तर येतच नाही."

बाहेरचं युनिट लावायला एकच जागा होती, शेजारी एकट्या राहणाऱ्या काकूंच्या खिडकीसमोर. त्या म्हणाल्या, "लावा न भाऊ, मी खिडकी बंद ठेवीन."

त्या खिडकीला बाहेरून त्या दरवर्षी वाळ्याचा पडदा बांधून पाणी शिंपडायच्या. यंदा तो कोरडाच, आमच्या गरम हवेत दिवसभर हलत असतो.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. एसीचा आवाज येत नाही, म्हणून दुपारी भिंतीपलीकडचं काकूंचं कण्हणं स्वच्छ ऐकू येतं. मी रिमोट घेतो, तापमान एक अंश वाढवतो आणि कूस बदलतो.